मैदानाची पदवी आणि महाविद्यालयाची निवड

मुंबई इलाख्यापासून चालत आलेल्या शासनव्यवहारात ‘करमणूक’ हा शब्द दीर्घकाळ वावरला तो मुख्यतः कराच्या रूपाने. मुंबई करमणूक शुल्क अधिनियम १९२३ सालचा. चित्रपटगृहाच्या तिकिटावर आणि तत्सम खेळांवर शुल्क आकारण्यासाठी जिल्हाधिकारी कचेरीत वेगळी शाखा असे, तिला अधिकारी असत, निरीक्षक असत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि हे शुल्क बहुतांशी त्यात विलीन झाले. लोकांनी मोकळा वेळ घालविण्यासाठी किती पैसे मोजले याची नोंद ठेवणारा माणूस शासनाने अशा रीतीने जवळजवळ शतकभर पगारावर ठेवला. परंतु तो वेळ लोकांना निरोगी आणि आनंददायक रीतीने घालविता यावा म्हणून मैदान, उद्यान, व्यायामशाळा, नाट्यगृह, जत्रा आणि पर्यटनस्थळ यांची व्यवस्था पाहणारा, तेच शिक्षण घेतलेला माणूस तालुक्याच्या गावी क्वचितच दिसला.

हा विषय आज काढण्याचे कारण साधे आहे. बारावीचे निकाल लागले की हदगाव, हिमायतनगर, किनवट, माहूर या भागांतील शेकडो घरांत एकच प्रश्न घोळू लागतो. मुलाला किंवा मुलीला वैद्यकीय वा अभियांत्रिकीचे गुण मिळालेले नाहीत. पण शाळेच्या संघात कबड्डी, खो-खो किंवा धावण्यात नाव आहे, चार माणसांना एकत्र आणून कार्यक्रम पार पाडण्याची हातोटी आहे. अशा मुलाने कोणते शिक्षण घ्यावे आणि ते कोठे घ्यावे? अमेरिकेतील विद्यापीठांत या गुणांसाठी मनोरंजन-प्रशासन नावाची स्वतंत्र पदवी आहे. आपल्याकडे त्या नावाची पदवी शोधत निघालेल्याच्या हाती सहसा काही लागत नाही. जे लागते ते तीन निरनिराळ्या दारांचे: शारीरिक शिक्षणाचे, पर्यटन व हॉटेल व्यवस्थापनाचे आणि समाजकार्य वा कामगार कल्याणाचे. या तिन्ही दारांवर पाट्या आहेत. आत काय आहे हे मात्र बाहेरून कळत नाही.

लातूर-नांदेडच्या शिकवणीवर्गांच्या बाबतीत पालक किती चौकस असतो हे सर्वांच्या परिचयाचे आहे. कोणत्या वर्गातील किती मुले वैद्यकीयला लागली, भौतिकशास्त्र कोण शिकवतो, खाणावळ कोणती बरी, याची माहिती हदगावच्या बसस्थानकावरही मिळते. तोच पालक शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयाची निवड करताना ‘जवळचे आहे’, ‘ओळखीचे आहे’, ‘हजेरीचा जाच नाही’ एवढ्यावर समाधान मानतो. एका निवडीसाठी एवढी चिकित्सा आणि दुसरीसाठी एवढी बेफिकिरी का? याचे उत्तर पालकाच्या अज्ञानात नाही. खेळ आणि विरंगुळा हे शिकण्याचे, शिकविण्याचे आणि पगार देण्याचे क्षेत्र आहे हे शासनानेच मनापासून कधी मानले नाही, त्याची ही सावली आहे.

विसरलेला आराखडा

आरंभी तसे नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९५० साली केंद्र सरकारने जे सल्लागार मंडळ स्थापन केले त्याच्या नावातच शारीरिक शिक्षण आणि मनोरंजन हे दोन्ही शब्द जोडीने होते. या मंडळाने १९५६ साली सिद्ध केलेली राष्ट्रीय योजनाही शारीरिक शिक्षण आणि मनोरंजन या दोहोंची होती. खेळ केवळ निवडक खेळाडूंसाठी नसून सर्वसामान्य नागरिकाच्या फावल्या वेळाशी त्याचा संबंध आहे, हा विचार तिच्या मुळाशी होता. पुढील वर्षी, १८५७ च्या शताब्दीचे औचित्य साधून, ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघाले. १९६१ मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. तिचा भर मात्र प्रशिक्षक घडविण्यावर होता.

पुढे तराजू एका बाजूला झुकत गेला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने केंद्रात स्वतंत्र क्रीडा विभाग झाला आणि १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झाले. या संस्थांनी केलेले काम नाकारण्याचे कारण नाही. परंतु स्पर्धा आणि पदक हा कारभाराचा मध्यबिंदू झाला आणि ‘मनोरंजन’ हा जोडशब्द हळूहळू गळून पडला. त्यामुळे शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तरुणासमोर दोनच चित्रे उरली. एक म्हणजे शाळेतील व्यायामशिक्षक, दुसरे म्हणजे संघाचा प्रशिक्षक. मैदान चालविणारा, उद्यानाचे अंदाजपत्रक करणारा, वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी खेळांची आखणी करणारा, जत्रेच्या गर्दीचे नियोजन करणारा असा तिसरा मनुष्य अभ्यासक्रमातून जवळजवळ नाहीसा झाला.

अमेरिकेत या तिसऱ्या मनुष्याला प्रतिष्ठा कशी मिळाली हे पाहणे उद्बोधक आहे. औद्योगिक शहरांतील मुलांना खेळायला जागा नाही, या चिंतेतून १९०६ मध्ये तेथे क्रीडांगण संघटना उभी राहिली. नगरपालिकांनी मैदाने केली, मैदानांसाठी माणसे लागली, माणसांसाठी अभ्यासक्रम निघाले, आणि १९७०च्या दशकापासून त्या अभ्यासक्रमांची तपासणी करून मान्यता देणारी स्वतंत्र यंत्रणाही आली. तेथील विद्यार्थी कार्यक्रमांची आखणी, हिशेब, कायदा, जागेची निगा, अपघातप्रतिबंध हे विषय शिकतो आणि शेवटी एखाद्या नगरपालिकेच्या उद्यान विभागात काही महिने प्रत्यक्ष काम करतो. येथे क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे: आधी पद, मग पदवी. आपल्याकडे बहुधा उलट घडते. आधी महाविद्यालय निघते, मग पदवी वाटली जाते आणि पद मात्र येत नाही.

इमारत आहे, माणूस नाही

पदांची स्थिती काय आहे? महाराष्ट्राच्या २००१ च्या क्रीडा धोरणाने विभाग, जिल्हा आणि तालुका पातळीवर क्रीडासंकुले उभारण्याचे ठरविले. २०२२ मध्ये तालुका क्रीडासंकुलाच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी रुपयांवर, तर जिल्हा संकुलाची २५ कोटींवर नेण्यात आली. राज्यात ३५८ तालुके आहेत. अर्थशास्त्राच्या भाषेत हा भांडवली खर्च झाला. भांडवली खर्चाचे फळ आवर्ती खर्चाशिवाय मिळत नाही, हे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे पहिले सूत्र. रुग्णालय बांधून डॉक्टर न नेमणे आणि संकुल बांधून व्यवस्थापक न नेमणे यांत तत्त्वतः फरक नाही. एवढेच की दुसऱ्याची ओरड कोणी करीत नाही. २०२४ मध्ये क्रीडा व युवक सेवा संचालनालयाने क्रीडा अधिकारी, क्रीडा मार्गदर्शक इत्यादी पदांची जी जाहिरात दिली तीत साऱ्या राज्यासाठी मिळून जागा होत्या शंभराच्या आसपास. तालुक्यांची संख्या आणि ही संख्या शेजारी ठेवली की वेगळे भाष्य करावे लागत नाही.

शाळांची कथा याहून वेगळी नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे मानक घातले. परंतु सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तेही पट शंभरावर असेल तेव्हा, आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा जो शिक्षक सांगितला तो अंशकालीन. कायद्यानेच ज्याला अर्धवेळ ठरविले त्याला पूर्ण पोट भरेल असा पगार कोठून मिळणार? वरिष्ठ महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकाचे पद असते आणि त्याला प्राध्यापकाच्या तोडीची वेतनश्रेणी मिळते. पण त्यासाठी पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण, नेट किंवा सेट आणि शारीरिक क्षमतेची चाचणी हे सारे ओलांडावे लागते. एका महाविद्यालयात असे पद बहुधा एकच, आणि ते रिकामे झाले तरी लगेच भरले जाईल याची शाश्वती नाही.

मग हे शिक्षण घेऊच नये काय? असा निष्कर्ष घाईचा ठरेल. गरज आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नांदेड जिल्ह्यात माहूरला नवरात्रात लोटणारी गर्दी, लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्याकडे पावसाळ्यात धावणारे तरुणांचे जथे, कंधारचा किल्ला, लातूर जिल्ह्यातील उदगीर आणि औसा येथील किल्ले, खरोसा लेणी: या प्रत्येक ठिकाणी व्यवस्थेची गरज आहे. धबधब्यापाशी पाण्याला ओढ असताना काठावर कोण उभे असते? यात्रेतील कुस्त्यांच्या फडात जखमी झालेल्या मल्लाला प्रथमोपचार कोण देते? नांदेडच्या प्रेक्षागृहाचे किंवा एखाद्या नगरपंचायतीच्या बागेचे वर्षाचे वेळापत्रक कोण आखते? ही कामे आज पोलीस, तलाठी, ग्रामसेवक, शिपाई आणि उत्साही कार्यकर्ते आपापल्या परीने निभावून नेतात. खासगी क्षेत्रात मात्र शिक्षित माणसाची मागणी वाढते आहे. निवासी शाळा, सैनिकी शाळा, व्यायामशाळा, कृषी पर्यटन केंद्रे, कारखान्यांची वसाहत, मोठ्या शहरांतील क्रीडा प्रबोधिन्या यांना असा माणूस हवा असतो. तेथे कागदापेक्षा हातातली करणी पाहिली जाते. आणि नेमकी हीच गोष्ट महाविद्यालयाची निवड निर्णायक ठरविते.

पारख कशी करावी

पहिली कसोटी मान्यतेची. शारीरिक शिक्षणाची बी.पी.एड. ही शिक्षक-प्रशिक्षणाची पदवी असल्याने तिला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता लागते. या परिषदेचा कायदा १९९३ चा. तिच्या २०१४ च्या नियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. त्याचबरोबर महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असले पाहिजे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांसाठी ते १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ होय. मान्यता संस्थेला आहे की अभ्यासक्रमाला, किती जागांना आहे आणि चालू वर्षी ती शाबूत आहे काय, हे तीन प्रश्न लेखी उत्तरासह विचारावेत. माहितीपुस्तिकेवरील रंगीत शिक्का हे उत्तर नव्हे. शारीरिक शिक्षणाची तीन वर्षांची पदवी आणि बी.पी.एड. यांतील भेदही आधी समजून घ्यावा. केवळ पहिली घेऊन शाळेतील शिक्षकपद मिळेल या समजुतीवर तीन वर्षे खर्ची पडतात आणि मग आणखी दोन वर्षांची गरज उघड होते.

दुसरी कसोटी मैदानाची, आणि ती अक्षरशः मैदानावर जाऊनच लावावी लागते. प्रवेशापूर्वी एकदा सकाळी साडेसहाला त्या महाविद्यालयात जावे. धावपट्टीवर मुले आहेत की गवत आहे, हे तेव्हा कळते. साहित्याच्या खोलीला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे असते ते विचारावे. शिक्षकांची नावे फलकावर किती आणि प्रत्यक्ष हजर किती, हेही तेथेच दिसते. ज्या महाविद्यालयात हजेरी नावापुरती आणि प्रात्यक्षिक वहीपुरते असते तेथून पदवी मिळते, विद्या मिळत नाही. जलतरण शिकविण्याचे प्रमाणपत्र ज्याच्या खिशात आहे त्याला पोहता येत नसेल, तर ती केवळ विद्यार्थ्याची फसवणूक राहत नाही. उद्या त्याच्या भरवशावर पाण्यात उतरणाऱ्या मुलांच्या जिवाशी तो खेळ होतो.

तिसरी कसोटी माजी विद्यार्थ्यांची. पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तुकडीतील दहा जणांची नावे मागावीत आणि ते आज काय करतात हे स्वतः विचारून घ्यावे. चांगली संस्था ही नावे अभिमानाने देते. टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच असते. चौथी कसोटी प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाची: शाळेतील पाठांखेरीज शिबिरे, स्पर्धांचे आयोजन, नगरपालिका वा क्रीडासंकुलातील उमेदवारी यांना अभ्यासक्रमात खरे स्थान आहे काय? हिशेब ठेवणे, परवानगीचे अर्ज लिहिणे, विमा, प्रथमोपचार, गर्दीचे नियोजन यांतले काहीही न शिकलेला पदवीधर शिटी उत्तम वाजवील, पण संकुल चालवू शकणार नाही.

जवळचे की चांगले?

महाराष्ट्रात या विद्येची परंपरा लहान नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. वैद्य बंधूंनी लावलेल्या या रोपट्याचा विस्तार एवढा झाला, की १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. मंडळाचे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय १९६७ पासून चालते आहे. मुंबईला कांदिवलीची शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था १९३८ ची. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये स्थापिलेल्या महाराष्ट्रीय मंडळाचे चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९७७ चे आहे. त्याच १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. योगशिक्षणाची आवड असणाऱ्यास तेथील महाविद्यालय १९५१ पासून उपलब्ध आहे. राज्याबाहेर ग्वाल्हेर आहे, आणि १९२० मध्ये सुरू झालेले मद्रासचे, म्हणजे आजच्या चेन्नईचे, वाय.एम.सी.ए. महाविद्यालय आहे. पर्यटनाकडे ओढा असल्यास १९८३ मध्ये स्थापन झालेली भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था ग्वाल्हेरलाच आहे. मणिपूरच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा २०१८ चा. जुनी संस्था चांगलीच असते असे नव्हे. वर सांगितलेल्या कसोट्या तिलाही लावल्याच पाहिजेत. मात्र जेथे तीन-चार पिढ्यांचे शिक्षक-विद्यार्थी एका मैदानावर घडले तेथे शिस्तीची एक सवय मातीत मुरलेली असते, आणि ती शुल्काच्या पावतीवर दिसत नाही.

हदगावचा विद्यार्थी पैनगंगा ओलांडून अमरावतीला किंवा रात्रीचा प्रवास करून पुण्याला जाणार तर खर्चाचा प्रश्न आलाच. त्याचा हिशेब नीट मांडला पाहिजे. समजा, परगावी राहण्या-जेवण्याचा खर्च दरमहा ७,००० रुपये धरला, तर दहा महिन्यांचे वर्ष धरून दोन वर्षांचे १ लाख ४० हजार रुपये होतात. याच दोन वर्षांत तो तरुण एखाद्या दुकानात वा आडतीवर राहिला असता आणि त्याला दरमहा १०,००० रुपये मिळाले असते असे मानले, तर २ लाख ४० हजार रुपयांच्या मिळकतीवर त्याने पाणी सोडले. अर्थशास्त्र यालाच संधीचा खर्च म्हणते. दोन्ही मिळून ३ लाख ८० हजार रुपये झाले आणि यात महाविद्यालयाचे शुल्क अजून आलेलेच नाही. आता दोन महाविद्यालयांच्या शुल्कात वर्षाला २०,००० रुपयांचा फरक असेल, तर दोन वर्षांचा फरक ४०,००० रुपये. वरील रकमेच्या एक-दशांशाहून थोडा अधिक. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येक घराने आपापले घालावेत. तात्पर्य मात्र बदलणार नाही. शिक्षणात सर्वांत महाग वस्तू शुल्क नसून विद्यार्थ्याची दोन वर्षे ही आहे. शुल्क कमी म्हणून निकृष्ट महाविद्यालय निवडणे म्हणजे स्वस्त बियाणे घेऊन हंगाम घालविण्यासारखे आहे. बियाण्याचे वाचलेले पैसे आणि बुडालेला हंगाम यांची तुलना सोयाबीन पेरणाऱ्या घराला समजावून सांगावी लागत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. जवळच्या महाविद्यालयात नाव घालून मुलगा घरची शेती पाहू शकतो, म्हणजे तो संधीचा खर्च वाचतोच की! हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. ज्याला नोकरी आधीच आहे आणि बढतीसाठी केवळ पात्रतेचा कागद हवा आहे, त्याच्यापुरता तो खराही आहे. परंतु ज्याला या विद्येवर पोट भरावयाचे आहे त्याने शेतात राहून मिळविलेली पदवी त्याला शेतातच ठेवते. आणि वर पदवीधर बेकाराचा शिक्का मारते. शेतीत राहणे कमीपणाचे नाही. पदवीचे शुल्क भरून, वर्षे मोडून, शेवटी शेतीतच नाइलाजाने परतणे हा मात्र दुहेरी तोटा आहे.

मध्यममार्गही आहे आणि तो बहुसंख्यांना परवडणारा आहे. बी.पी.एड.साठी कोणत्याही शाखेची पदवी आणि तिच्या जोडीला ठरावीक स्तरावरील खेळातील सहभाग चालतो. तेव्हा हदगाव किंवा नांदेड येथील महाविद्यालयातून कला, वाणिज्य वा विज्ञान शाखेची पदवी घरच्या भाकरीवर घ्यावी, त्या काळात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत खेळून प्रमाणपत्रे जपावीत, इंग्रजी आणि हिशेब यांची तयारी करावी आणि मग राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा व मैदानी चाचणी देऊन पुढची दोन वर्षे शक्य तितक्या उत्तम संस्थेत काढावीत. पैसा जेथे सर्वाधिक फळ देईल तेथेच तो घालावा. केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास शुल्क-सवलतीच्या शासकीय योजनांचा मार्ग खुला राहतो. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घाईने घेतलेला प्रवेश हा मार्ग अनेकदा बंद करतो. स्वाधार योजना, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांसारख्या योजनांची पात्रता आणि मुदत अर्ज भरण्यापूर्वी पाहून ठेवावी.

मुलींच्या बाबतीत या कसोट्यांना आणखी काही जोडावे लागते. वसतिगृह मैदानापासून किती दूर आहे, कपडे बदलण्याची खोली आणि स्वच्छतागृह आहे काय, शिकविणाऱ्यांत स्त्रिया किती, हे प्रश्न संकोच न करता विचारले पाहिजेत. नांदेड जिल्ह्यातील भाग्यश्री जाधव या २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताच्या ध्वजधारक होत्या. असे यश दिसले की टाळ्या वाजतात; पण त्या टाळ्यांचे रूपांतर तालुक्यातील मुलींसाठी एका सुरक्षित मैदानात आणि एका पूर्णवेळ प्रशिक्षिकेत होत नाही, तोवर ते यश अपवादच राहणार. लातूर जिल्ह्याच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक जिंकले होते. मराठवाड्याच्या मातीत गुणांची वाण नव्हती आणि नाही. वाण आहे ती गुण पारखून रोज सकाळी शिटी घेऊन उभ्या राहणाऱ्या शिक्षित माणसाची.

कोणी काय करावे

शासनाने करावयाचे काम स्पष्ट आहे. ज्या तालुक्यात क्रीडासंकुलासाठी निधी मंजूर होईल, त्या तालुक्यासाठी त्याच आदेशात व्यवस्थापकाचे एक पद आणि देखभालीची वार्षिक तरतूदही मंजूर व्हावी. नगरपंचायतींनी बाग आणि मैदान यांच्यासाठी शारीरिक शिक्षणाच्या पदवीधरांना मानधनावर उमेदवारी द्यावी. विद्यापीठाने या अभ्यासक्रमात जागेचे व्यवस्थापन, सुरक्षितता, स्थानिक यात्रा आणि पर्यटनस्थळे यांचा एक भाग घालावा. माहूर आणि माळेगाव ही हाताशी असलेली प्रयोगशाळाच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत शिक्षक-प्रशिक्षण चार वर्षांच्या एकात्मिक पदवीकडे नेण्याचे ठरविले आहे. रचना बदलत असताना १९५६ च्या योजनेतील गळालेला शब्द पुन्हा जोडून घेण्याची ही संधी आहे.

परंतु धोरण बदलेपर्यंत मुलांची वर्षे थांबून राहत नाहीत. यंदा प्रवेश घेणाऱ्या मुलाला यंदाच सल्ला हवा, आणि तो देऊ शकतील अशी माणसे गावात आहेत. शाळेतला वर्गशिक्षक दाखल्यासाठी आलेल्या मुलाला ‘पुढे काय?’ एवढे विचारू शकतो. महाविद्यालयातील लिपिक शिष्यवृत्तीचा अर्ज पडताळताना अभ्यासक्रमाच्या मान्यतेचा कागद मागवू शकतो. आधी शिकून आलेला विद्यार्थी आपले महाविद्यालय खरोखर कसे होते ते, लाज न बाळगता, मागच्यांना सांगू शकतो. बाजारात विकणाऱ्याला मालाची खरी माहिती असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा खोटा माल खऱ्याला हुसकावून लावतो. शिक्षणाच्या बाजारात हे संकट टाळण्याचा उपाय माहितीची देवाणघेवाण हाच आहे, आणि त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

एखाद्या तालुक्याने आपल्या मुलांचे खेळणे, म्हाताऱ्यांचे फिरणे आणि यात्रेकरूंचे सुखरूप परतणे ज्याच्या हाती सोपवायचे, तो माणूस कोणत्या महाविद्यालयातून आला याला महत्त्व आहे. ते महत्त्व प्रवेश घेणाऱ्याने ओळखले, तर निकृष्ट संस्थांच्या जागा आपोआप रिकाम्या राहतील. निकृष्टतेविरुद्ध यापेक्षा परिणामकारक शिक्षा कोणत्याही तपासणी समितीला देता आलेली नाही.